सोलापुरात पीसी असेंबल करायचाय, सुरुवात कुठल्या पार्टपासून करू?

ताणाबाणा
नमस्कार मंडळी. मी जेकार्डची, म्हणजे मागावर विणूनच उमटणाऱ्या नक्षीची, डिझाईन करतो, चादर आणि टॉवेल दोन्हीची. आधी अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखान्यातच बसायचो, आता सहा वर्षं झाली घरून करतोय, जुळे सोलापूरला. सध्याचा पीसी चौथ्या पिढीचा आय५ आहे, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, १९ इंची मॉनिटर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ हे मशीन घेत नाही, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही न् प्रोसेसरही त्यांच्या यादीत बसत नाही. वर ६०० डीपीआयला स्कॅन केलेलं चित्र, त्याचे लेअर, शेजारी कॅड सॉफ्टवेअर आणि ब्राउझर एवढं एकदम उघडलं की माऊसचा बाण जागेवरच थांबतो. पार्टी फोनवर थांबलेली असते आणि मी नुसता स्क्रीनकडं बघत बसतो, फार जीवाला लागतं ते.

बजेट ६० हजार, मॉनिटर धरून. मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, तिला थ्रीडी मॉडेलिंग शिकायचंय, तीही वापरणार. एका दुकानातनं यादी आली त्यात आय७ आहे, काचेचं कॅबिनेट, सहा लाईटवाले पंखे, आणि एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या, पुढं नुसतं "४५० वॅट" लिहिलंय, नाव काही नाही. भाचा म्हणतो प्रोसेसर आधी ठरवा, दुकानदार पण तेच म्हणतो. मला कळेना की नेमकं आधी काय ठरवायचं. खोली वरच्या मजल्यावर, मे महिन्यात स्लॅब रात्री अकरापर्यंत गरम असतो, एसी नाही.

शेंगाचटणी
सहा लाईटवाले पंखे म्हणजे गड्ड्याच्या यात्रेची लायटिंग घरात. 😄 आय७ काढा आधी त्या यादीतनं. तुमच्या कामाला आय५ किंवा रायझन ५ भरपूर झालं.

विजापूरवेस
माझं स्पष्ट मत, २०२६ ला जुनं सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा, घेऊच नका. एएम५ सॉकेट घ्या, रायझन ५ ७६०० प्रोसेसर, डीडीआर५ रॅम. ६ कोअर १२ थ्रेड, म्हणजे एका वेळी १२ कामं. आधीच्या एएम४ सॉकेटला एएमडी कंपनीनं किती वर्षं प्रोसेसर दिले बघा, २०१७ च्या काही मदरबोर्डांवर नुसता बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा प्रोसेसर चालला. एएम५ चं पण तसंच चालू आहे. पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर काढून नवा टाका, विषय संपला.

शेंगाचटणी
१२ थ्रेड म्हणं. दादा, समोरचा माणूस रोज हजारानं धागे मोजतोय, त्याला १२ धाग्याचं काय कौतुक सांगलालाव.

सई_पुण्यात
मी मूळची साखर पेठेतली, नोकरी पुण्यात. ताणाबाणा काका, एक प्रश्न. तुमच्या कॅड सॉफ्टवेअरला डोंगल आहे का, म्हणजे मागं यूएसबीत लावायची किल्ली? टेक्स्टाईलच्या बऱ्याच सॉफ्टवेअरला असते. असेल तर पार्ट बघायच्या आधी त्यांना फोन करा आणि विंडोज ११ वर त्या डोंगलचा ड्रायव्हर चालतो का ते विचारा. माझ्या मामांचं ह्यातच अडकलं होतं, नवा कोरा पीसी पंधरा दिवस झाकून ठेवलेला आणि काम जुन्यावरच.

ताणाबाणा
सई, बरं झालं विचारलंस. डोंगल आहे. उद्याच फोन करतो.

वायरमनकाका
सगळे प्रोसेसरवर भांडा, मी दुसरं विचारतो. तुमच्या खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे का? तीन भोकं दिसतात म्हणून अर्थिंग असतं असं नाही. निम्म्या घरांत मी बोर्ड उघडून बघितलाय, हिरवी वायर आत गुंडाळून ठेवलेली असते किंवा कापलेलीच. आत्ताच्या पीसीच्या कॅबिनेटला मागनं हात लावल्यावर मुंग्या येतात का ते सांगा.

ताणाबाणा
काका, येतात. अनवाणी असलो की जास्त. मला वाटायचं पीसीला ते असतंच.

वायरमनकाका
असतंच नव्हे, अर्थिंग नाही म्हणून येतात. एसएमपीएसच्या आत करंट येतो त्या जागी फिल्टर असतो, त्यातले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असलं की तो बारीकसा करंट जमिनीत जातो. नसलं की पत्र्यावर २३० च्या साधारण निम्मे, ११५ च्या आसपास व्होल्ट उभे राहतात. करंट फारच थोडा म्हणून माणूस वाचतो, पण त्याच पत्र्याला तुमचा बोर्ड, यूएसबी, ते डोंगल, सगळं जोडलेलं आहे. वायर लावता-काढताना पोर्ट जायचं एक कारण हे.

मल्टिमीटरनं बघा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. पंधरा-वीस दाखवलं तर अर्थिंग कमजोर आहे. आणि एक हात जोडून सांगतो, कोणी न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडून "झालं अर्थिंग" म्हणत असेल तर त्याला घरातनं बाहेर काढा. न्यूट्रल तुटला त्या दिवशी सगळा पत्रा जिवंत होतो.

कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी सोडायचं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये जमीन अशी वाळते की खड्डा असून नसल्यासारखा.

कंबरतलाव
काकांना माझ्याकडनं शंभर मार्क. मी दोन वर्षांपूर्वी पीसी घेतला, ग्राफिक कार्ड भारी, प्रोसेसर भारी, आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. भवानी पेठेत घर, शेजारी माग. सकाळी माग सुरू झाले की आमच्याकडं ट्यूब डोळे मिचकावते. आठ महिन्यांत एसएमपीएस गेला आणि जाताना बोर्ड घेऊन गेला. नंतर त्याचा स्टिकर नीट वाचला. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट, खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या लाईनला १५ अँपिअर. १२ गुणिले १५ म्हणजे १८० वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात, म्हणजे माझा ४५० चा एसएमपीएस खरं तर १८० चाच होता.

दुकानात गेलात की बाकी काही वाचू नका, ती १२ व्होल्टची ओळ वाचा. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसला तिथं ४५ अँपिअरच्या आसपास असतं.

विजापूरवेस
हे बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. ८० प्लस ब्राँझ शिक्का असलेला घ्यावा, निम्म्या लोडला साधारण ८५ टक्के एफिशिअन्सी. पण एसएमपीएस काय शेवटी पण ठरवता येतो की, वॅटची बेरीज करायची आणि घ्यायचा.

कंबरतलाव
शेवटी ठरवला की शेवटी उरलेल्या पैशात येतो. माझं तेच झालं.

डेटावाली
मुद्दा मान्य. आता उन्हाचं बोलू. प्रोसेसरच्या तापमानाचे आकडे व्हिडिओत दाखवतात ते एसीच्या खोलीतले, २२-२५ डिग्रीचे. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२-४४ आणि काकांच्या खोलीत ३८-४० धरा. पंखा हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही, खोली १५ डिग्रीनं गरम तर प्रोसेसर पण साधारण १५ नं गरम. व्हिडिओत ७५ दिसला तो इथं ९०. म्हणून आय७ सारखा तापणारा प्रोसेसर नको आणि पुढनं बंद काच असलेलं कॅबिनेट तर अजिबातच नको. पुढं जाळी, त्यामागं दोन मोठे पंखे आत हवा घेणारे, मागं एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त ठेवली की फटीफटीतनं धूळ ओढली जात नाही, जाळीतनंच येते आणि तिथंच अडकते.

शेंगाचटणी
आणि टॉवेलच्या कारखान्याजवळ असाल तर धुळीपेक्षा लव वाईट. माझ्या दाजींच्या ऑफिसातला पीसी उघडला तर प्रोसेसरच्या पंख्यावर अक्षरशः टॉवेलचा तुकडा तयार झालेला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरा, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरून बेअरिंग खराब होतं.

मळेगावकर
मी वेगळं सुचवतो. ऑफिसातनं निघालेले रिफर्बिश्ड पीसी मिळतात, आठव्या पिढीचा आय५-८५०० वगैरे, विंडोज ११ चालतं. निम्म्या पैशात काम होईल, उरलेल्यात चांगला मॉनिटर घ्या.

सई_पुण्यात
नुसतं काकांचं काम असतं तर मी पण हेच म्हणाले असते, खरंच. पण बऱ्याच ब्रँडेड ऑफिस मशीनमध्ये एसएमपीएस आणि बोर्डाचे कनेक्टर त्यांच्या स्वतःच्या मापाचे असतात. उद्या मुलीसाठी ग्राफिक कार्ड टाकायचं म्हटलं की एसएमपीएस बदलता येत नाही, कॅबिनेटमध्ये जागा नसते.

मळेगावकर
हे बरोबर. मुलीचं माझ्या लक्षात नव्हतं.

ताणाबाणा
डोंगलवाल्यांना फोन झाला. विंडोज ११ चालतं, नवा ड्रायव्हर टाकायला लागतो, ते लांबनं करून देतील. सई, खूप आभार.

आणि दुसरं, भाचा म्हणाला त्यानं नवा डीडीआर५ चा सेट केलाय आणि जुन्या डीडीआर४ रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन कांड्या त्याच्याकडं पडून आहेत, मला देतो म्हणला. त्या चालतील का? (आम्हाला कांडी म्हटलं की धोट्यातली आठवते.)

डेटावाली
काका!! मग सगळंच ठरलं की. एआयच्या डेटा सेंटरांकडं रॅम कंपन्यांनी माल वळवल्यापासून, म्हणजे २०२५ च्या शेवटापासून, रॅमचे भाव कुठल्या कुठं गेलेत. ३२ जीबी घरात फुकट येत असताना डीडीआर५ च्या बोर्डाकडं बघायचंच नाही. डीडीआर४ ची कांडी डीडीआर५ च्या खाचेत बसतच नाही, मधली खाच वेगळ्या ठिकाणी असते. तुमच्याकडं दोन रस्ते, रायझन ५ ५६००जी किंवा आय५-१२४००. दोन्ही ६ कोअर १२ थ्रेड, दोन्हीत ग्राफिक्स आतच आहे, दोन्हीबरोबर पंखा बॉक्समध्ये येतो.

आय५ घेतलात तर मागं एफ अक्षर असलेला घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतं, स्क्रीन काळाच राहील. आणि त्या प्रोसेसरचे बोर्ड डीडीआर४ चे वेगळे, डीडीआर५ चे वेगळे, बॉक्सवर बघून घ्या.

विजापूरवेस
फुकट ३२ जीबी असेल तर मी माझं एएम५ मागं घेतो, ६० हजारात ते बसणार नाही. पण मग ५६००जी घ्या की. आतलं ग्राफिक्स आय५ पेक्षा चांगलं आहे.

डेटावाली
चांगलं आहे, नाही कोण म्हणतंय. पण ५६००जी वर पीसीआयई (कार्ड, एसएसडी जोडायचा रस्ता) ३.० च आहे, पुढं ग्राफिक कार्ड टाकायचं तर १२४०० बरा, त्याच्यात ग्राफिक कार्डाच्या खाचेला ५.० आणि एसएसडीला ४.० पर्यंत मिळतं, बोर्ड तसा असला तर. जेकार्डच्या कामाला दोन्हीतलं कुठलंही ग्राफिक्स पुरतं, ते टूडीच आहे, एक चौकोन म्हणजे एका उभ्या-आडव्या धाग्याची गाठभेट.

ताणाबाणा
गाठभेट हा शब्द आवडला. बरोबर तेवढंच असतं ते. चौकोन रंगवला की उभा धागा वर, मोकळा की खाली.

पूर्वभाग
इथं थोडं विषय सोडून लिहितो, राहवत नाही म्हणून. माझे वडील भद्रावती पेठेत जेकार्डची कार्डं शिवायचे, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांच्या लांबच लांब माळा, मागावर फिरणाऱ्या. भोक असलं की हुक उचलायचं, नसलं की नाही. हे फ्रान्समध्ये जोसेफ मारी जेकार्डनं १८०४ च्या सुमाराला बसवलं, आणि इंग्लंडात चार्ल्स बॅबेजनं गणिताचं यंत्र कल्पिलं तेव्हा त्याला हुकूम द्यायला हीच भोकाची कार्डं घेतली. १८९० ची अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलरिथनं भोकाच्या कार्डांवर मोजली, आणि पुढं कित्येक वर्षं कॉम्प्युटरला कार्डंच खायला घालत होते. म्हणजे आज आपण ज्या डब्याचे पार्ट निवडतोय त्याचं एक मूळ मागावर आहे. वडील चौथी शिकलेले, पण कार्ड उजेडाकडं धरून कुठलं फूल येणार ते सांगायचे. डिझाईन कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा त्यांना वाटायचं आपली विद्या गेली. ताणाबाणा, तुमच्याकडं आहे ती तीच विद्या आहे हो, म्हणून तुमचं मशीन चांगलं व्हावं असं मनापासून वाटतं.

ताणाबाणा
काय लिहिलंत. मी पण कार्डं शिवणाऱ्याकडंच पहिला हात बसवला. अख्खी माळ उलटी लागली की अख्खी चादर आरशातली यायची.

वायरमनकाका
डोळ्यात पाणी आणलंत. पण यूपीएसचं राहिलं. लाईट गेली तर काय आहे तुमच्याकडं?

ताणाबाणा
घरात इन्व्हर्टर आहे, साईनवेव्ह. पीसी त्याच्यावर आहे पण लाईट गेली की बंद पडून परत चालू होतो.

वायरमनकाका
इन्व्हर्टरच्या मागं किंवा पुढं एक बटण असेल, यूपीएस मोड आणि साधा मोड. साध्या मोडला तो सावकाश बदली करतो, पंखे-दिव्यांना चालतं. एसएमपीएस लाईट गेल्यावर पूर्ण लोडला साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. यूपीएस मोडला टाका आणि दोन-चार वेळा मेन बंद करून बघा. तरी पडला तर पीसीपुरता वेगळा यूपीएस घ्या. ग्राफिक कार्ड नसलेल्या पीसीला आणि मॉनिटरला ६०० व्हीएचा पुरतो, कार्ड आलं की १००० चा. चालवायचा किती, फाईल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता.

सई_पुण्यात
मॉनिटरवर कोणी बोललंच नाही. काका दिवसाचे दहा तास त्याच्याकडंच बघणार. आयपीएस पॅनेल, २७ इंची २५६० बाय १४४०. २४ इंचीवर १९२० बाय १०८० मध्ये त्यांना डिझाईनचा जेवढा भाग दिसेल त्याच्या पावणेदोनपट भाग ह्यात एकदम दिसेल, कमी सरकवायला लागेल. पैसे प्रोसेसरमधनं वाचवा, ह्यात घाला.

ताणाबाणा
रंग तर मी स्क्रीनवर ठरवत नाहीच, सुताचं शेड कार्ड हातात असतं. पण रिपीट, म्हणजे परत परत येणारा नक्षीचा तुकडा, एकदम दिसणं ही फार मोठी गोष्ट आहे. एसएसडी कुठली?

डेटावाली
५०० जीबी पुरेल पण १ टीबी घ्या, एनव्हीएमई प्रकारची, आत टीएलसी मेमरी असलेली. क्यूएलसी मेमरीची स्वस्त असते, भरत आली की मोठी फाईल लिहिताना मंद होते. आणि जुनी हार्ड डिस्क फेकू नका, रोजच्या कामाची दुसरी प्रत तिच्यात, तिसरी घराबाहेर कुठंतरी. पार्टीची डिझाईन गेली तर पार्ट नवे आणून परत येत नाहीत.

मळेगावकर
बिल जीएसटी नंबर टाकून घ्या. नेहमीच्या पद्धतीनं नोंदणी असेल तर १८ टक्के क्रेडिट मिळतं. कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही.

शेंगाचटणी
ऑनलाईन घेणार की गावात? मी म्हणतो बोर्ड आणि एसएमपीएस गावात. हे दोन बिघडले तर पाठवायचं-आणायचं दुकानदार करतो, नाहीतर अडीचशे किलोमीटर पुण्याला तुम्ही.

ताणाबाणा
(तीन आठवड्यांनी)
मंडळी, झालं. उशिरा लिहितोय, माफ करा, सणाच्या ऑर्डरी होत्या.

पहिलं काम वायरमनचं केलं. खोलीतल्या सॉकेटची हिरवी वायर खरंच आत गुंडाळलेली निघाली. खाली जिन्याजवळ खड्डा होता, कोरडा ठणठणीत. वायर जोडली, खड्ड्यात पाणी सोडलं, न्यूट्रल-अर्थ आधी ४० च्या वर दाखवत होतं ते २ वर आलं. जुन्या पीसीला हात लावला, मुंग्या नाहीत. सहा वर्षं मी त्या मुंग्या घेऊन काम करत होतो.

मग ह्या क्रमानं घेतलं: ५५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस, १२ व्होल्टला ४५ अँपिअर बघून. जाळीचं कॅबिनेट, लाईट नाही. मॉनिटर २७ इंची. मग आय५-१२४००, एफ नसलेला, डीडीआर४ चा चार खाचांचा बोर्ड, १ टीबी एसएसडी. भाच्याच्या कांड्या. ६० मध्ये बसलं, १००० व्हीएच्या यूपीएसला पण पैसे उरले. इन्व्हर्टर यूपीएस मोडलाही चारातनं एकदा दगा देत होता, म्हणून घेतला, आणि मुलीचं कार्ड पुढं येणार म्हणून मोठाच घेतला. दुकानदार पहिल्यांदा म्हणाला एसएमपीएस आधी निवडणारं गिऱ्हाईक मी बघितलं नाही, मग स्वतःच तीन स्टिकर काढून दाखवायला लागला. जोडणी मुलीनं केली, मी बॅटरी धरून उभा. अख्खं रिपीट एका नजरेत दिसतंय, मधे कडेला जोड कुठं उघडा पडतोय ते आता विणायच्या आधी कळतं.

पूर्वभाग
वा! पहिलं डिझाईन कुठलं केलंत?

ताणाबाणा
मोराची चादर. जुनीच, तुमच्या वडिलांच्या काळातल्या कार्डांवरनं उतरवलेली.

विजापूरवेस
अभिनंदन दादा. एक विचारतो, कांड्या कुठल्या खाचेत टाकल्या? प्रोसेसरच्या बाजूनं मोजून दुसऱ्या आणि चौथ्या पाहिजेत.

ताणाबाणा
पहिल्या आणि दुसऱ्या. शेजारी शेजारी.

विजापूरवेस
मग दोन्ही एकाच चॅनेलवर (प्रोसेसरकडं जायच्या रस्त्यावर) आहेत, अर्धी रुंदी वाया चाललीय. बंद करून, वायर काढून, हलवा. आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं चालवायचं सेटिंग) चालू आहे का बघा, नाहीतर ३२०० ची कांडी २४०० वर पळत असेल.

ताणाबाणा
हलवल्या. आता ड्युअल चॅनेल आणि ३२०० दाखवतंय. आधी खरंच २४०० होतं. मुलीला पण दाखवलं, तिनं वहीत लिहून घेतलं.